हरळी : शेतात वैरीण, मैदानावर सखी

शेतकरी बंधुभगिनींनो, हरळीचे नाव काढले की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही जाणतो. उसाच्या सरीत, भुईमुगाच्या रानात, भाताच्या बांधावर एकदा का हरळीने पाय रोवला, की चार पिढ्या भांगलून काढली तरी ती मरत नाही. वरून खुरपावे तर खाली कांड्या शिल्लक, नांगराने उपटावी तर तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला नवा कोंब. म्हणूनच शेतकऱ्याच्या घरात हरळीला वैरीण म्हणतात. वर्षातून एकदा मात्र हीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर चढते. तेवढा मान तिला पुरे, असे आपण समजतो.

पण वाचकहो, याच हरळीसाठी जगात लाखो रुपये मोजणारी माणसे आहेत. तिला ती पाणी पाजतात, खत घालतात, तिची दाढी केल्यासारखी रोजच्या रोज कापणी करतात आणि एखाद्या ठिकाणी ती विरळ झाली तर जखमेवर मलमपट्टी करावी तशी तिची दुरुस्ती करतात. ही माणसे म्हणजे गोल्फची आणि फुटबॉलची मैदाने राखणारे माळी. त्यांची विद्या तुमच्या गावच्या शाळेच्या मैदानाला कशी उपयोगी पडेल, हे या लेखात सांगायचे आहे.

ज्वारीच्या दाण्याएवढी उंची

गोल्फ हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नसतो. लांब दांड्याच्या काठीने लहानसा चेंडू मारत मारत दूरवरच्या एका भोकात घालायचा, असा हा खेळ. भोक सव्वाचार इंच रुंद, आणि अशी अठरा भोके. पूर्ण मैदानाला शंभर ते दीडशे एकर जागा लागते. इंग्रजांनी हा खेळ आपल्या देशात आणला. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा असून ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो.

भोकाभोवतीच्या जागेला ‘ग्रीन’ म्हणतात. तिथले गवत तीन ते पाच मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढ्या उंचीवर राखावे लागते. उष्ण प्रदेशात हे गवत बहुधा हरळीच्याच कुळातले असते. चेंडू उंचावरून पडला की तिथे खळगा पडतो. काठीचा फटका जमिनीला लागला की गवताचा ढेकूळ मुळासकट उडतो. रोज असे शेकडो घाव बसतात आणि रोज ते भरून काढावे लागतात. म्हणून गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्याइतकेच महत्त्व राखणाऱ्याला असते.

ही विद्या पुस्तकातून आलेली नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावच्या समुद्रकाठच्या माळावर पूर्वी मेंढ्या चरत, आणि मेंढ्यांनी कुरतडलेल्या त्या गवतावरच लोक गोल्फ खेळत. तिथे 1860 च्या दशकात टॉम मॉरिस नावाचा गृहस्थ मैदानाची राखण करू लागला. गवतावर वाळूचा पातळ थर पसरला की खळगे भरतात आणि गवत अधिक दाट होते, हे त्याने ओळखले. आजही जगभर मैदानांवर वाळूमिश्रित मातीचा हात फिरवतात. त्या रीतीचे श्रेय त्यालाच देतात.

गवत कापण्याच्या यंत्राची गोष्ट तर इचलकरंजीच्या वाचकांना विशेष आवडेल. इंग्लंडमधल्या स्ट्राउड परगण्यात कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावरची लव कापून ते गुळगुळीत करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र तिथे एडविन बडिंग याने पाहिले. जे यंत्र कापडावरची लव कापते ते जमिनीवरचे गवत का कापणार नाही, असा विचार करून त्याने 1830 साली गवतकापणी यंत्राचे पेटंट घेतले. मागावरून निघालेली कल्पना अशी मैदानावर पोहोचली.

हरळी आणि हायब्रीड बाजरी : एकच माणूस

आता हरळीची गोष्ट. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी शेती संशोधन केंद्र आहे. तिथे ग्लेन बर्टन नावाचे शास्त्रज्ञ होते. गुरांच्या चाऱ्यासाठी हरळीवर काम करता करता ते मैदानांच्या हरळीकडे वळले. साधी हरळी आणि दक्षिण आफ्रिकेतली बारीक पानांची हरळी यांच्या संकरातून मैदानी जाती पुढे आल्या. त्यांतली ‘टिफवे’ ही जात 1960 साली प्रसारित झाली. आज जगातली कितीतरी फुटबॉलची आणि गोल्फची मैदाने याच जातीची आहेत. या संकरित हरळीला बी धरत नाही. उसाचे बेणे लावावे तशा तिच्या कांड्या लावाव्या लागतात.

याच बर्टन यांनी बाजरीवरही काम केले होते. त्यांनी तयार केलेली ‘टिफ्ट 23 ए’ ही बाजरीची मादी जात भारतात आली. तिच्यापासून लुधियाना येथे पहिली संकरित बाजरी तयार झाली आणि 1965 साली ‘एच. बी. 1’ या नावाने ती शेतकऱ्यांच्या हाती पडली. जुन्या जाणत्यांना ‘हायब्रीड’ हा शब्द ज्या दिवसांत पहिल्यांदा ऐकू आला, ते हेच दिवस. ज्या हातांनी आपल्या भाकरीची बाजरी सुधारली त्याच हातांनी हरळीही सुधारली. तेव्हा हरळीकडे जरा निराळ्या नजरेने पाहायला हरकत नाही.

कोल्हापूरच्या मातीचा धडा

कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 मध्ये पुरे झाले. तिथली आणि गावोगावच्या तालमींतली लाल माती कशी राखतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. हौद खणून माती मोकळी करतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. कशासाठी? पैलवान पडला तर त्याचे हाड मोडू नये, अंगाला जखम होऊ नये म्हणून. हौदातली माती चार दिवस खणली नाही तर ती दगडासारखी होते.

फुटबॉलचे तसेच आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही सगळी फुटबॉल संघांची नावे असली तरी त्यांच्या पाठीमागे ‘तालीम’ हा शब्द आहे. कुस्तीच्या तालमींनीच इथे फुटबॉल वाढवला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या शाहू स्टेडियमवर सामने असले की पेठा ओस पडतात. गडहिंग्लजसारख्या गावानेही फुटबॉलची परंपरा जपली आहे. पण हौदाची माती खणायची असते हे ज्या तालमीला कळते, तिच्या गावच्या शाळेचे मैदान मात्र वर्षानुवर्षे कुणी खणत नाही. उन्हाळ्यात ते सिमेंटसारखे टणक, पावसाळ्यात चिखलाचे डबके. पोर पडले की गुडघा फुटतो, कोपर सोलते. मुली तर अशा मैदानावर उतरायलाच भितात.

शहरात आता ‘टर्फ’ म्हणजे प्लॅस्टिकच्या गवताचे जाळीबंद मैदान, असा अर्थ पोरांच्या तोंडी बसला आहे. ते तासाच्या भाड्याने मिळते. उन्हात ते खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि साधारण आठ-दहा वर्षांत झिजून बदलावे लागते. गावाला ते परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. गावाकडे हरळी आहे, शेणखत आहे आणि शेती कळणारी माणसे आहेत. ‘पिकतं तिथं विकत नाही’ म्हणतात, ते हेच.

आधी दुखणे ओळखा

मैदानावर गवत का नाही, हे पाहिल्याशिवाय नवे गवत लावू नका. वैद्य नाडी पाहूनच औषध देतो. कारणे बहुधा चार असतात.

पहिले, जमीन दबलेली असते. पहार हातभर उंचीवरून सोडून पाहा. वाफशावर असूनही ती दोन इंचसुद्धा आत गेली नाही, तर मुळांना वाट नाही असे समजा.

दुसरे, पाणी साचते. हरळी थोडे दिवस पाण्याखाली तग धरते, पण तिथे सतत डबके राहिले तर तिची जागा लव्हाळा घेतो. मैदानाला शंभर फुटांस एक फूट एवढा उतार पुरे.

तिसरे, सावली. हरळी उन्हाची लेक आहे. वडाच्या किंवा चिंचेच्या दाट सावलीत ती कधीच दाट होणार नाही. तिथे गवताचा हट्ट न धरता बसायला पार करावा.

चौथे कारण तुमच्या चांगल्या ओळखीचे आहे, ते म्हणजे हुमणी. उसाची मुळे खाणारी हुमणी गवताचीही मुळे खाते. जगभरचे गोल्फचे माळी तिच्याच कुळातल्या किडींशी झगडत असतात. गवत पिवळे पडून घोंगडी गुंडाळावी तसे हाताने उचलले जात असेल, तर खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतील. उपायही उसातलाच. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे झाडे हलवून पाडावेत, गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावेत. एका गावाने मिळून केले तरच त्याचा उपयोग होतो. मैदानाच्या कडेची झाडे विसरू नका.

दुरुस्ती कशी करावी

मैदान वाफशावर असताना काम सुरू करावे. ओल्या मातीत केले तर चिखल होतो, वाळलेल्या मातीत पहार चालत नाही.

उघडी पडलेली जागा चार ते सहा इंच खोल टिकावाने मोकळी करा. दगड, खापरे, काचा वेचा. यात कुचराई नको, कारण यावर पोरे अनवाणी खेळणार आहेत. दाताळ्याने माती सारखी करा. खळगा भरायचा तर शेजारच्याच जातीची माती घ्या. काळ्या रानात नुसत्या वाळूचा जाड थर दिला तर दोन थरांचे जमत नाही आणि पाणी मध्येच अडते. मातीच्या दोन पाट्या आणि पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखताची एक पाटी, असे मिश्रण चांगले. अर्धे कच्चे शेणखत घातले तर त्यातून तणाचेच बी पेराल.

आता बेणे. भांगलणीत निघालेली ताजी हरळी घ्या. कांडीला दोन-तीन डोळे असावेत, जसे उसाच्या टिपरीला असतात. काढलेली हरळी ओल्या पोत्यात ठेवून त्याच दिवशी लावा. उन्हात वाळलेली कांडी कामाची नाही. तणनाशक फवारलेल्या रानातली हरळी आणू नका. मुळाची माती झाडून घ्या, नाहीतर लव्हाळ्याच्या गाठी मैदानावर येतील आणि ते दुखणे जन्मभर पुरेल.

सहा इंचांवर उथळ चर ओढून कांड्या एका इंचाच्या आतबाहेर खोल ठेवा, शेंडा वर राहू द्या, माती ओढून पायाने दाबा. पहिले दहा-पंधरा दिवस हलके पाणी रोज. त्यानंतर पाणी हळूहळू कमी करा. पावसाळी दिवसांत दीड-दोन महिन्यांत जागा भरून येते. तोवर तिथे दोरी बांधा आणि पोरांना समजावून सांगा. दोरी नसेल तर बाकीचे सगळे कष्ट वाया.

शिरोळ-हातकणंगलेकडे हे काम जूनअखेर करावे. गगनबावडा-राधानगरीकडे पाऊस कोसळतो, कांड्या वाहून जातात. तिथे पाऊस ओसरू लागल्यावर लावणी बरी.

जिथे गवत आहे पण जमीन टणक आहे, तिथे उपटाउपटी करू नका. वाफशावर वीत-वीत अंतरावर पहारीने चार इंच खोल भोके पाडा आणि वरून चाळलेले मिश्रण पसरा. थर पाव इंचाहून जाड नको, पानांची टोके वर दिसली पाहिजेत. पाच मिलिमीटरचा थर द्यायला एका गुंठ्यास सुमारे अठरा घनफूट, म्हणजे एका ब्रासमध्ये साडेपाच गुंठे मिश्रण पुरते. सगळे मैदान एकदम करण्याची गरज नाही. गोलपोस्टसमोरची आणि मधली जागा आधी करा, कारण तिथेच पाय जास्त पडतात.

राखण हीच खरी मेहनत

कापणीचा एक नियम लक्षात ठेवा. एका वेळी पानाचा तिसरा हिस्साच कापायचा. गवत मांडीएवढे वाढू देऊन मग बुडातून कापले तर ते पिवळे पडते, कारण पान हेच त्याचे चुलाण. खेळाच्या मैदानावर गवत एक ते दीड इंचावर ठेवा. ज्वारीच्या दाण्याची उंची गोल्फवाल्यांना लखलाभ. कापलेले गवत गुरांना चालते, मात्र मैदानावर कीटकनाशक मारले असेल तर अजिबात घालू नका.

पाणी रोज शिंपडू नका. रोजच्या शिंतोड्याने मुळे वर येतात. आठवड्यातून एकदा भरपूर दिले तर मुळे खाली जातात. एका गुंठ्यावर एक इंच पाणी द्यायला सुमारे 2,570 लिटर लागतात. फुटबॉलचे पूर्ण मैदान सत्तर गुंठ्यांचे धरले तर हा आकडा 1,80,000 लिटरच्या घरात जातो. ज्या गावाला उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर येतो, त्याने मैदानाला असे पाणी देणे शोभणार नाही. गोल्फच्या मैदानांवर लोकांचा राग असतो तो याचसाठी, आणि तो रास्त आहे. हरळीचा मोठा गुण असा की पाणी तोडले तर ती तपकिरी होऊन झोपी जाते, मरत नाही. वळीव आला की पुन्हा उठते. तेव्हा मार्च ते मे तिला झोपू द्या. हिरवेगार दिसले नाही म्हणून मैदान बिघडले असे नाही.

खत माफक. पावसाळ्यात आणि दिवाळीआधी एकदा, गुंठ्याला एक किलो युरिया फोकून लगेच पाणी द्या. जास्त टाकले तर पाने जळतात आणि कापणी वाढते.

महापुराच्या पट्ट्यातल्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या काठच्या गावांनी जे पाहिले ते विसरण्यासारखे नाही. घरे, गोठे, पिके सावरून झाली की मैदानाकडे वळावे. पुराने आणलेला गाळ वाळून त्याची पापडी होण्याआधी खोऱ्याने ओढून घ्या आणि भोके पाडा. गाळाचा थर पातळ असेल तर हरळी त्यातून वर येते. हातभर गाळाखाली ती गुदमरते. काढलेला गाळ चांगला असेल तर शेतात टाका.

शेतात शिरली तर?

हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणारच. मैदानाला लागून कुणाचे रान असेल तर मध्ये फूटभर खोल चर खणा आणि वर्षातून दोनदा तो साफ करा. मैदानावरून रानात नांगर, कुळव नेताना अवजाराला चिकटलेल्या कांड्या काढा. शेजाऱ्याचे रान बिघडवून आपले मैदान हिरवे करणे हा शहाणपणा नव्हे.

आणखी एक सत्य सांगितलेच पाहिजे. दोनशे पोरे रोज एकाच जागी धावणार असतील तर कोणतेही गवत टिकणार नाही. गोल्फवाले भोकाची जागा सतत बदलतात, ती यासाठीच. गावानेही मैदानाचे दोन भाग करावेत. एकावर खेळ, दुसऱ्याला विश्रांती. कबड्डीचे अंगण, लांब उडीचा खड्डा, गोलपोस्ट दरवर्षी थोडे सरकवावेत. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस खेळ बंद ठेवावा आणि लग्नाचे मांडव, ट्रॅक्टर, उसाच्या गाड्या ओल्या मैदानावर कधीच उभ्या करू नयेत. ओल्या जमिनीवरून एकदा गेलेले ट्रॅक्टरचे चाक एका हंगामाचे काम मातीत घालते.

मैदान करायला निधी मिळतो, पण राखायला माणूस मिळत नाही, ही गावोगावची रड आहे. म्हणून ही जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीने आणि तालमीने वाटून घ्यावी. महिन्यातला एक रविवार ठरवावा. पहार तरुणांनी घ्यावी, चाळण जाणत्यांनी धरावी, दगड-काचा वेचायला मुलांनीच यावे. जे हात वेचतात ते पुन्हा काच टाकत नाहीत.

आणि माऊलींनो, तुम्ही तर हरळी सगळ्यांत जवळून ओळखता. यंदा भांगलताना जी हरळी उपटाल ती बांधावर भिरकावू नका. ओल्या पोत्यात भरून शाळेकडे पाठवा. तुमच्या रानातले तण कमी होईल, आणि संध्याकाळी घरी आलेल्या पोराच्या गुडघ्याला हळद लावायची पाळी जरा कमी वेळा येईल.